विजेच्या गाडीतली बॅटरी नेमकी कोणाची, हे गाडी घेण्याआधी कसे शोधावे

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या काकांबरोबर मी महामार्गालगतच्या एका शोरूममध्ये विजेची गाडी पाहायला गेलो होतो. काकांची उभी हयात कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर गेलेली असल्यामुळे त्यांनी रंग, काच, पडदा यांपैकी काहीही न विचारता पहिलाच प्रश्न टाकला, "बॅटरी कुणाची?" तिथला मुलगा म्हणाला, "काका, कंपनीचीच की." काका म्हणाले, "ते कळलं रे बाळा, आतला सेल कुणाचा?" मुलगा आत गेला, त्याने दोन फोन केले आणि बाहेर येऊन सरळ सांगितले की हे आम्हाला शिकवलेले नाही, विचारून कळवतो.

गाडीच्या किमतीचा साधारण एक-तृतीयांश भाग ज्या वस्तूत जातो ती कोणी घडवली, हे विचारणे गिऱ्हाइकाचा हक्क आहे. मात्र त्याचे उत्तर एका शब्दात मिळत नाही, कारण वरून एक दिसणाऱ्या या प्रश्नाच्या पोटात चार प्रश्न असतात. ते वेगळे कसे करायचे, प्रत्येकाचे उत्तर कुठे शोधायचे आणि मिळालेल्या उत्तरावरून काय ठरवायचे, ते पुढे सांगतो.

मी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीच्या तपासणी विभागात काम करतो, त्यामुळे हा विषय मला आमच्याच धंद्याच्या नजरेने दिसतो. आमच्या भट्टीतून निघालेले कास्टिंग, म्हणजे धातूचा ओतीव भाग, दुसऱ्या कारखान्यात मशीनिंगला जाते, तिथून तिसरीकडे इंजिनात बसते आणि त्या इंजिनावर नाव चौथ्याचे असते. म्हणून ते इंजिन त्या कंपनीचे नाही असे कोल्हापुरात कोणी म्हणत नाही. ड्रॉइंग त्यांचे, धातूचा दर्जा त्यांनी ठरवलेला, नाकारण्याचा अधिकार त्यांचा, आणि रस्त्यावर काही झाले तर गिऱ्हाइकासमोर उभे राहण्याची जबाबदारीही त्यांचीच असते. विजेच्या गाडीच्या बॅटरीचे गणित जवळजवळ असेच आहे, आणि ज्याने एकदा हीट नंबरवरून, म्हणजे भट्टीच्या प्रत्येक ओतणीला दिलेल्या क्रमांकावरून, सदोष कास्टिंगचा माग काढला आहे त्याला ते समजायला वेळ लागत नाही.

एका बॅटरीचे चार धनी

पहिला थर रसायनाचा. भारतातल्या बहुतेक विजेच्या मोटारींत आज लिथियम-लोह-फॉस्फेट म्हणजे एलएफपी हे रसायन वापरतात, तर लांब पल्ल्याच्या काही महागड्या गाड्यांत निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट यांचे एनएमसी असते. एलएफपीचा शोध अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत लागला आणि १९९७ साली तो प्रसिद्ध झाला. लिथियम-आयन बॅटरीच्या कामासाठी त्यांना २०१९ साली इतर दोघांबरोबर नोबेल मिळाले. म्हणजे रसायनाचा मूळ शोध कोणत्याही मोटार कंपनीने लावलेला नाही. एलएफपी वजनाच्या मानाने थोडी कमी वीज साठवते, पण जास्त तापमान सोसते आणि चार्जिंगची आवर्तने जास्त काढते.

दुसरा थर सेलचा, म्हणजे ज्या सुट्या घटकांना जोडून बॅटरी बनते त्यांचा, आणि खरी अवघड कारागिरी इथेच आहे. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर एक लेप, तांब्याच्या पत्र्यावर ग्राफाइटचा दुसरा लेप, दोन्हींच्या मध्ये केसाहून पातळ विभाजक पडदा, मग त्यात रासायनिक द्रव भरून डबी बंद करायची. हवेतला दमटपणा आत गेला तर सेल बिघडतो, म्हणून हे काम कोरड्या ठेवलेल्या बंद दालनात चालते. सेल तयार झाल्यावरही पहिले चार्ज-डिस्चार्ज सावकाश करून तो 'बसवावा' लागतो. आमच्याकडे जसे रिजेक्शनच्या टक्क्यावर फौंड्री चालते किंवा बुडते, तसेच तिथेही शंभरातले किती सेल पास होतात यावर कारखान्याचे भवितव्य ठरते. एलएफपीचा एक सेल सुमारे ३.२ व्होल्टचा असतो. असे शंभर सेल एकामागे एक जोडले की ३२० व्होल्ट होतात.

तिसरा थर पॅकचा. सेल ज्या पेटीत बसतात ती पेटी, त्यांना जोडणाऱ्या तांब्या-ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, खालून कूलंट म्हणजे थंड ठेवणारा द्रव फिरवणारी प्लेट, पाणी अडवणारे सील, एखादा सेल पेटलाच तर वायू बाहेर सोडणाऱ्या झडपा, हे सगळे पॅकमध्ये येते. चौथा थर बीएमएसचा, म्हणजे प्रत्येक सेलचे व्होल्टेज आणि जागोजागचे तापमान पाहत राहणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पाट्यांचा आणि त्यांतल्या सॉफ्टवेअरचा. किती वेगाने चार्ज करायचे, कधी थांबवायचे, पडद्यावर किती टक्के दाखवायचे, हे सगळे बीएमएस ठरवते. एकच सेल दोन कंपन्यांच्या गाड्यांत असला तरी दोन्ही गाड्या वेगळ्या वागतात, त्याचे मोठे कारण हा चौथा थर आहे.

"आमची बॅटरी" असे म्हणणारी कंपनी या चारांपैकी कोणत्या थराबद्दल बोलत आहे, हे आधी पक्के करून घ्यावे.

कोण काय घडवते

चारही थर स्वतःच्या हातात असलेली मोठी मोटार कंपनी म्हणून चीनच्या बीवायडीचे नाव घ्यावे लागते. ती १९९५ साली शेन्झेनमध्ये बॅटरी बनवणारी कंपनी म्हणूनच सुरू झाली, फोनच्या बॅटऱ्यांवर मोठी झाली आणि २००३ साली मोटारींच्या धंद्यात उतरली. २०२० साली तिने लांब पात्यासारखे एलएफपी सेल थेट पॅकमध्ये बसवणारी 'ब्लेड' बॅटरी आणली. गंमत अशी की ही कंपनी आपले सेल प्रतिस्पर्ध्यांनाही विकते.

टेस्लाबद्दल मात्र लोकांचा समज वेगळा असतो. २००८ सालच्या तिच्या पहिल्या रोडस्टरमध्ये लॅपटॉपमध्ये असत तसे ६,८३१ गोल सेल होते आणि ते बाहेरून घेतलेले होते. टेस्लाची करामत त्यांना एकत्र थंड ठेवण्यात आणि सांभाळण्यात होती, म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या थरात. पुढे पॅनासोनिकबरोबर नेवाडात मोठा कारखाना झाला, २०२० साली स्वतःचा ४६८० आकाराचा सेल जाहीर झाला, आणि तरीही चीनची सीएटीएल आणि कोरियाची एलजी या सेल बनवणाऱ्या कंपन्यांकडून सेल घेणे चालूच राहिले. स्वतः बनवणे आणि विकत घेणे या दोन्ही वाटा एकच कंपनी एकाच वेळी चालते, हे इथे स्पष्ट दिसते.

उलट दिशेने गेलेली कंपनी निसान. लीफ गाडीसाठी तिने २००७ साली जपानच्याच एनईसी कंपनीबरोबर स्वतःची सेल कंपनी काढली, आणि २०१९ साली तिचा मोठा हिस्सा चीनच्या एन्व्हिजन समूहाला विकून टाकला. लीफच्या सुरुवातीच्या पॅकमध्ये कूलंट नव्हता. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या उन्हात त्या बॅटऱ्या २०१२ च्या सुमारास वेगाने क्षीण झाल्या आणि मोठा बभ्रा झाला. सेल घरचा असूनही पॅकने दगा दिला, म्हणून "घरचे ते चांगले" हा नियम इथे लागू पडत नाही.

आपल्याकडे २०२० साली आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीला चीनच्या गोशन कंपनीचे एलएफपी सेल आणि टाटा ऑटोकॉम्पने जुळवलेला पॅक, अशी वाटणी होती. टाटा समूहाने पुढे सेल बनवण्यासाठी अग्रतास ही कंपनी काढली. गुजरातमधल्या साणंदला २० गिगावॅट-तासांचा (एक गिगावॅट-तास म्हणजे दहा लाख युनिट वीज) आणि इंग्लंडमध्ये सॉमरसेटला ४० गिगावॅट-तासांचा कारखाना २०२३ साली जाहीर झाला. महिंद्राच्या २०२४ साली आलेल्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्यांत बीवायडीचे ब्लेड सेल आहेत आणि पॅक चाकणला जुळवतात. ह्युंदाई आणि किया यांनी एप्रिल २०२४ मध्ये एक्साइडच्या उपकंपनीबरोबर भारतात एलएफपी सेल घेण्यासाठी समझोता केला. केंद्र सरकारने देशात सेल बनावेत म्हणून मे २०२१ मध्ये १८,१०० कोटी रुपयांची, ५० गिगावॅट-तासांचे लक्ष्य असलेली प्रोत्साहन योजना मंजूर केली. यावरून वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे ते कळते, पण आज आपण जी गाडी पाहतो आहोत तिच्यातला सेल कुठून आला हे योजनेच्या घोषणेवरून ठरवू नये.

सेलचा कारखाना काढणे किती कठीण आहे, याचे उदाहरण स्वीडनच्या नॉर्थव्होल्टचे आहे. फोक्सवॅगनसारख्या कंपनीने पैसा घातला होता, बीएमडब्ल्यूची २ अब्ज युरोंची मागणी हातात होती. उत्पादन जमेना म्हणून बीएमडब्ल्यूने २०२४ साली ती मागणी रद्द केली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने स्वीडनमध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणून एखादी मोटार कंपनी जाणत्या पुरवठादाराकडून सेल घेत असेल तर तो तिचा कमीपणा मानू नये; आपल्या गावात कित्येक नामवंत कंपन्या कास्टिंग घ्यायला येतात ते याच शहाणपणाने.

पुरवठादाराचा सेल सदोष निघाला तर काय होते, तेही पाहून ठेवावे. जनरल मोटर्सच्या शेव्हरोले बोल्टमध्ये एलजीचे सेल होते. त्यांपैकी काही सेलमध्ये ॲनोडची, म्हणजे ऋण टोकाची, फाटलेली पट्टी आणि दुमडलेला विभाजक पडदा हे दोन दोष एकाच वेळी असत, आणि तसा सेल पेट घेऊ शके. २०२१ साली तोवर विकलेल्या सगळ्या, म्हणजे सुमारे १ लाख ४० हजार बोल्ट गाड्या परत बोलावण्यात आल्या आणि सुमारे २ अब्ज डॉलरच्या खर्चापैकी १.९ अब्ज डॉलरपर्यंतचा वाटा एलजीने उचलला. इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. गाडीमालकाला एलजीच्या दारात जावे लागले नाही. त्याचा व्यवहार ज्या कंपनीशी झाला होता तिनेच बॅटरी बदलून दिली, आणि पैशांचा हिशेब त्या दोन कंपन्यांनी आपसांत केला. आपल्याला हवी ती व्यवस्था हीच.

शोरूमला जाण्याआधी घरी बसून

गाडी बाजारात आली त्या दिवसाचे कंपनीचे प्रसिद्धिपत्रक शोधून वाचावे. जाहिरातीपेक्षा त्यातली भाषा जास्त जपून लिहिलेली असते. 'डिझाइन केलेली' म्हणजे पॅकचे ड्रॉइंग त्यांचे. 'असेंबल केलेली' म्हणजे सेल बाहेरून आले आणि जुळवणी इथे झाली. 'लोकलाइज्ड पॅक' म्हणजे पेटी, तारा, पाट्या इथल्या, सेल कदाचित आयात. 'सेल निर्मिती' हा शब्दप्रयोग स्पष्टपणे असेल तरच सेल घरचा आहे असे धरावे. त्यानंतर पुरवठादाराच्या बाजूने शोधावे. सेल बनवणारी कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर मोठा करार झाल्यावर तिला तो बाजाराला कळवावा लागतो, आणि ती सूचना कोणालाही वाचता येते. कितीदा तरी मोटार कंपनी जे सांगत नाही ते पुरवठादार अभिमानाने सांगत असतो.

भारतात विकल्या जाणाऱ्या मोटारीच्या बॅटरीला एआयएस-०३८ या मानकाच्या दुसऱ्या सुधारित आवृत्तीच्या चाचण्या लागतात. ही चाचणी मोटार विकण्याची किमान अट आहे. "आमची बॅटरी सरकारमान्य आहे" एवढ्याने ती दुसरीपेक्षा सरस ठरत नाही, आणि चार थरांचा उलगडाही होत नाही.

शोरूममध्ये काय विचारावे

प्रश्न सुटे करून, एकेक विचारावेत आणि उत्तर ई-मेलवर मागावे. रसायन कोणते? सेल कोणत्या कंपनीचे आणि कोणत्या देशात बनलेले? पॅकची जुळवणी कोणत्या कारखान्यात होते? बीएमएसचे सॉफ्टवेअर कंपनीचे स्वतःचे आहे का, आणि त्यात सुधारणा आली तर ती गाडीत कशी येते? पॅक उघडून आतला एक भाग बदलता येतो की अख्खा पॅकच बदलावा लागतो? ते काम कोल्हापुरात होते की गाडी पुण्याला न्यावी लागते?

शेवटचे दोन प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. जुन्या रचनेत सेलचे छोटे गट, म्हणजे मॉड्यूल, वेगळे काढता येत. अलीकडच्या रचनेत सेल थेट पॅकमध्ये चिकटवून बसवतात. त्याने जागा आणि वजन वाचते, किंमत उतरते, पण एका सेलसाठी पॅक उघडणे अवघड होते. टेस्लाने टेक्सासमध्ये बनवलेल्या काही मॉडेल वाय गाड्यांत तर पॅकच्या पोकळ्यांत कठीण फोम भरला. अशी रचना वाईट असते असे नाही, परंतु वॉरंटी संपल्यानंतरच्या खर्चाचा विचार तिच्यात वेगळा करावा लागतो.

काकांच्या प्रश्नाचे उत्तर चौथ्या दिवशी आले. त्या मुलाने कंपनीच्या विभागीय कार्यालयातून लेखी माहिती मिळवली होती: सेल परदेशी, पॅक महाराष्ट्रातला, बीएमएस कंपनीचे स्वतःचे, आणि पॅक उघडण्याचे काम पुण्यात. काकांनी तो कागद छापून फाइलला लावला. त्यांचे समाधान सेल परदेशी की देशी यावर अवलंबून नव्हते. कोण कशाला जबाबदार आहे ते कागदावर आले, एवढे त्यांना पुरेसे होते.

पन्हाळ्याची चाचणी

बीएमएस कसे आहे हे माहितीपत्रकात दिसत नाही, ते रस्त्यावर दिसते, आणि कोल्हापूरकराला त्यासाठी पन्हाळ्याचा घाट हाताशी आहे. शक्य असेल तर चाचणीची फेरी तिथवर मागावी. निघताना पडद्यावरचे टक्के, बाकी किलोमीटर आणि बाहेरचे तापमान वहीत लिहावे, वर पोहोचल्यावर पुन्हा लिहावे, खाली आल्यावर तिसऱ्यांदा लिहावे.

शहरापासून गडापर्यंतची चढण सुमारे ४०० मीटरची आहे. १,७०० किलोची गाडी एवढी उंच न्यायला भौतिकशास्त्राच्या हिशेबाने दोन युनिटांहून थोडी कमी वीज लागते. एक युनिट म्हणजेच एक किलोवॅट-तास. ४० युनिटांच्या बॅटरीत हे चार-पाच टक्के झाले. सपाट रस्त्याला लागणारी वीज यात धरलेली नाही, ती वेगळी. उतरताना मोटर जनित्रासारखी चालते आणि त्यातला काही भाग बॅटरीत परत येतो. हा आकडा झटके न खाता, सलग, समजेल अशा रीतीने बदलत असेल तर बीएमएसची बांधणी विचारपूर्वक झाली आहे. चढावर टक्के एकदम सात-आठने कोसळत असतील आणि खाली आल्यावर अचानक वर उसळत असतील, तर हिशेब ठेवणारा कारकून कच्चा आहे असे समजावे.

आणखी एक बारकावा. बॅटरी शंभर टक्के भरलेली असताना गडावरून उतरलात तर परत येणारी वीज ठेवायला जागाच नसते, म्हणून बीएमएस मोटरचा रोध कमी करते आणि पायाखालच्या ब्रेकवर जास्त भार येतो. याची पूर्वसूचना पडद्यावर येते का, ते पाहावे.

वॉरंटीचा कागद

८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर ही मुदत आपल्याकडे बराच काळ सर्रास होती. अलीकडे काही कंपन्या 'आजीवन' वॉरंटी देतात. हा शब्द दिसला की त्याची व्याख्या शोधावी. महिंद्राच्या वर सांगितलेल्या गाड्यांत आणि एमजीच्या विंडसरमध्ये ती पहिल्या खाजगी मालकासाठी आहे, तर टाटाच्या हॅरियर ईव्हीमध्ये आजीवन म्हणजे पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षे. गाडी विकली, टॅक्सीला लावली किंवा कंपनीच्या नावावर घेतली तर अटी बदलतात.

त्याहून महत्त्वाची अट क्षमतेची. बॅटरी बंद पडली तर वॉरंटी लागू होते हे सगळे गृहीत धरतात; पण बॅटरी बंद न पडता नुसती क्षीण झाली तर किती टक्क्यांखाली गेल्यावर ती बदलून मिळेल, हे छापलेले असले पाहिजे. जगभर अनेक कंपन्या त्यासाठी ७० टक्क्यांची रेषा धरतात. ती टक्केवारी कोण मोजणार, कोणत्या यंत्राने आणि किती शुल्कात, हेही विचारावे. नवी बॅटरी मिळणार की दुरुस्त केलेली, हेही त्याच कलमात असते. वॉरंटी देणाऱ्याचे नाव मोटार कंपनीचेच आहे ना, एवढे तरी प्रत्येकाने तपासावे. सेल कोणाचाही असो, आपल्या कागदावर एकच नाव हवे.

एमजीने विंडसरबरोबर २०२४ साली बॅटरी भाड्याने देण्याची पद्धत आणली, तीत गाडीची किंमत कमी आणि बॅटरीसाठी दर किलोमीटरला सुरुवातीला ३ रुपये ५० पैसे असा हिशेब होता. तिथे बॅटरीचा धनी कागदोपत्रीही निराळा होतो. महिन्याला किती फिरणार हे नीट मोजूनच तो मार्ग धरावा.

पुराचा विचार

२०१९ आणि २०२१ साली शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेलेला ज्यांनी पाहिला आहे त्यांना हा भाग का लिहिला, हे वेगळे सांगायला नको. पाणी अडवणे हे सेलचे काम नसून पॅकचे आहे, म्हणजे इथे सेलच्या देशाला काही महत्त्व नाही. पेटी, सील आणि जोडण्या कोणी केल्या याला आहे. पॅकवर आयपी ६७ असा दर्जा लिहिलेला असतो. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात तीस मिनिटे ठेवून केलेल्या चाचणीत तो उतरला आहे, एवढाच. गढूळ पाण्यात दोन दिवस उभ्या राहिलेल्या गाडीला हा दर्जा अभय देत नाही, आणि पाण्यात घातलेल्या गाडीचे नुकसान वॉरंटीतून बहुधा वगळलेले असते. म्हणून विम्यात बॅटरीचे वेगळे संरक्षण घ्यावे आणि त्यात पुराचा उल्लेख स्पष्ट आहे याची खात्री करावी.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांची इशारा पातळी गाठते तेव्हाच सखल भागातली गाडी हलवावी, ४३ फुटांच्या धोका पातळीची वाट पाहू नये. पाण्यात उभी राहिलेली गाडी सुरू करू नये, चार्जिंगला तर मुळीच लावू नये, ती उचलून नेणाऱ्या वाहनावरून सेवा केंद्रात न्यावी आणि तपासणी होईपर्यंत घरापासून, इतर गाड्यांपासून दूर उभी करावी. २०२२ साली अमेरिकेत फ्लोरिडाच्या वादळात खाऱ्या पाण्यात बुडालेल्या काही गाड्या पाणी ओसरल्यावर कित्येक दिवसांनी पेटल्या होत्या. आपले पाणी गोडे असले तरी त्यातला गाळ जोडण्यांत जाऊन बसतोच.

जुनी गाडी घेताना, आणि आपलीही तपासताना

जुन्या गाडीत पहिला मालक, दुसरा मालक, वॉरंटीची शिल्लक हे सगळे पाहून झाले तरी मुख्य प्रश्न उरतो तो बॅटरीत अजून किती जीव आहे याचा. सेवा केंद्राकडून बॅटरीच्या आरोग्याचा लेखी अहवाल मागावा, आणि त्यात सर्वांत जास्त व सर्वांत कमी व्होल्टेजच्या सेलमधला फरक लिहायला सांगावा. सेल एकमेकांपासून दुरावू लागले की हा फरक वाढतो.

पण एक तपासणी घरीच करता येते, आणि ती मला फार भरवशाची वाटते. एलएफपी सेलचे व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहते, त्यामुळे त्यात नक्की किती वीज आहे हे बीएमएसला ओळखणे अवघड जाते. म्हणूनच बऱ्याच कंपन्या अशी बॅटरी ठरावीक दिवसांनी शंभर टक्के भरायला सांगतात. तेव्हा आधी एकदा गाडी पूर्ण भरून घ्यावी, म्हणजे पडद्यावरचा आकडा खरा होतो. मग गाडी २० टक्क्यांवर येईपर्यंत चालवावी. घरातल्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर, मध्ये साधा सबमीटर लावून, ती ८० टक्क्यांपर्यंत चार्ज करावी आणि मीटरवरचे आधीचे व नंतरचे युनिट लिहावेत.

समजा बॅटरी ४० युनिटांची आहे. ६० टक्के म्हणजे २४ युनिट तिच्यात गेले पाहिजेत. घरच्या चार्जिंगमध्ये दहा ते पंधरा टक्के वीज वाटेत उष्णता होऊन जाते, म्हणून नव्या बॅटरीला मीटर साधारण २७ युनिट दाखवील आणि ३.३ किलोवॅटच्या चार्जरला त्यासाठी सव्वाआठ-साडेआठ तास लागतील. मीटरने २२ युनिटच दाखवले, तर बॅटरीत सुमारे साडेएकोणीस युनिट गेले, आणि त्यावरून पूर्ण क्षमता ३२ च्या आसपास, म्हणजे मूळच्या ८० टक्क्यांच्या जवळ निघते. माहितीपत्रकातला आकडा कधी एकूण क्षमतेचा असतो आणि कधी वापरता येणाऱ्या क्षमतेचा, त्यामुळे एका मोजणीवरून भांडायला जाऊ नये. नव्या गाडीची मोजणी पहिल्याच महिन्यात करून ठेवावी, पुढे दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच सॉकेटवर, २० ते ८० टक्के असेच मोजावे, आणि युनिट, वेळ, तापमान व गाडीचे किलोमीटर एका ओळीत लिहून ती वही वॉरंटीच्या कागदाबरोबर ठेवावी.

काकांनी पहिली ओळ लिहिली आहे. २६.८ युनिट.